धरसोडीचा ताळेबंद

१९८५ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या केंब्रिज गावी लोटस डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन नावाची सॉफ्टवेअर कंपनी होती. तिच्या भरती विभागाकडे चाळीस जणांचे अर्ज आले. अर्ज रीतसर होते. शिक्षण, अनुभव, सगळं जिथल्या तिथं. विभागानं ते रीतसर चाळले आणि तितक्याच रीतसर बाजूला ठेवले. चाळीसपैकी एकालाही मुलाखतीला बोलावलं नाही. आणि का बोलवावं? कुणी वस्त्यांमधून लोकांना संघटित करत हिंडलेला, कुणी मानसोपचारात काम केलेला, कुणी आश्रमात राहून आलेला. एक तर चक्क ध्यान शिकवायचा. अशा माणसांना संगणकाच्या कंपनीत कोण उभं करणार?

उभं केलं होतं. किंबहुना त्यांनीच कंपनी उभी केली होती. ते चाळीस अर्ज लोटसमध्ये अगदी सुरुवातीला रुजू झालेल्या चाळीस माणसांचे होते, फक्त नावगाव बदललेलं. ध्यान शिकवणारा उमेदवार म्हणजे कंपनीचा संस्थापक मिच कपोर. त्याच्याच पगारावर असलेल्या विभागानं त्याला दारातूनच परत पाठवलं. हा उपद्व्याप कपोरच्याच संमतीनं केला होता फ्रीडा क्लाइन या बाईंनी. नोकरवर्गाशी संबंधित सगळं खातं त्यांच्याकडे होतं. तीन वर्षांत कंपनी हजारावर माणसांची झाली होती. बाहेरून व्यवस्थापनाच्या पदव्या घेतलेली इस्त्रीची माणसं येत होती आणि येताना आपल्यासारखीच आणखी माणसं आणत होती. लेकराची तब्येत इतकी सुधारली की ते बापालाच ओळखेना.

या प्रयोगात हसू येतं ते भरती विभागाचं. पण क्षणभर त्या विभागाच्या खुर्चीत बसून कपोरचा अर्ज वाचला, तर त्यांची बाजूही पटू लागते.

आधी नावाचा खुलासा. हे कपूर नव्हेत. ध्यान, कमळ वगैरे ऐकून कुणाला पंजाबातलं घराणं आठवत असेल, तर तसं काही नाही. जन्म १९५० चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा, घर ज्यू. मुलगा हुशार. येल विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणजे आईबापांनी सुटकेचा निःश्वास टाकावा, अशी परिस्थिती. पण येलमध्ये जाऊन त्यानं मानसशास्त्र, भाषाशास्त्र आणि संगणकशास्त्र अशी तीन टोकं एकत्र बांधून सायबरनेटिक्स या नावाखाली १९७१ साली पदवी घेतली. शिवाय अभ्यासाइतकाच, किंबहुना जास्तच जीव विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रात होता.

तीन विषय एकत्र करून पदवी घेतलेल्या तरुणाला नोकरी काय मिळाली? हार्टफर्ड शहरातल्या एका एफएम केंद्रावर रॉक संगीताच्या तबकड्या लावायची. आपल्याकडे अशा वेळी घरात जो संवाद होतो तो लिहून दाखवायची गरज नाही. येलची फी हे त्यातलं ध्रुवपद असतं.

रेडिओ सुटला आणि ध्यान आलं. तो काळ महर्षी महेश योगींचा. १९६८ मध्ये बीटल्स ऋषिकेशला जाऊन बसले आणि त्यानंतर अमेरिकेतल्या पुष्कळ तरुणांनी पाठीचे कणे ताठ केले. कपोर नुसता ध्यानाला बसून थांबला नाही, तो भावातीत ध्यानाचा शिक्षक झाला. मग त्यातूनही बाहेर पडला. मग समुपदेशनाच्या मानसशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली, १९७८ साली. ती ज्या संस्थेतून घेतली तिचं मूळ नाव होतं कॅम्पस-फ्री कॉलेज, म्हणजे ज्याला आवारच नाही असं कॉलेज. मग एका इस्पितळाच्या मानसोपचार विभागात समुपदेशक म्हणून नोकरी. वय अठ्ठावीसच्या आसपास. याच सुमारास त्यानं ॲपल-२ हा संगणक विकत घेतला.

इथवरचा हिशेब मांडला तर एक रेडिओ, एक योगमार्ग, एक इस्पितळ, दोन पदव्या आणि एक यंत्र. धंदा कुठलाच नाही. कुठल्याही वधूवर सूचक मंडळाच्या छापील फॉर्मवर ‘व्यवसाय’ या शब्दापुढे जेमतेम दीड इंच जागा सोडलेली असते. तिथं या मुलाच्या बापानं काय लिहायचं? धरसोड हा शब्द आपल्याकडे याच मुलांसाठी राखून ठेवलेला आहे, आणि तो बहुधा आत्याच्या तोंडून येतो.

आता यंत्र घेतलं म्हटल्यावर मुलगा स्थिर होईल, असं वाटणं साहजिक आहे. झालं उलटंच. १९७९ मध्ये तो एमआयटीच्या स्लोन व्यवस्थापन विद्यालयात दाखल झाला. तिथं एरिक रोझेनफेल्ड नावाचा एक विद्यार्थी प्रबंधासाठी आकडेमोड करत होता. एमआयटीच्या मोठ्या संगणकावर ट्रोल नावाचं संख्याशास्त्राचं अगडबंब सॉफ्टवेअर होतं. कपोरनं त्याची चिमुकली आवृत्ती ॲपल-२ साठी लिहिली आणि तिला टायनी ट्रोल असं नाव दिलं. (हेच रोझेनफेल्ड पुढे लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या गुंतवणूक फंडाच्या संस्थापकांपैकी एक झाले. नोबेल मिळालेले दोन अर्थशास्त्रज्ञ पदरी असूनही तो फंड १९९८ मध्ये असा कोसळला की अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला मोठमोठ्या बँका बोलावून सावरासावर करावी लागली. त्यात टायनी ट्रोलचा काही दोष नव्हता.)

तर पदवीला एकच सत्र उरलं होतं. एकच. आणि या गृहस्थानं कॉलेज सोडलं.

सोडलं ते कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीसाठी. ही कंपनी व्हिझिकॅल्क विकत होती. व्हिझिकॅल्क म्हणजे वैयक्तिक संगणकावर आलेला पहिला तक्ता; रकाने आणि ओळी, एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलणार. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन या दोघांनी तो १९७९ मध्ये बाजारात आणला आणि ज्या माणसांना संगणक कशाला लागतो हे आयुष्यात कळलं नव्हतं, ती माणसं एका तक्त्यासाठी अख्खा संगणक घेऊ लागली. कपोरनं या तक्त्याला जोडून आलेख काढणारा व्हिझिप्लॉट आणि संख्याशास्त्राची आकडेमोड करणारा व्हिझिट्रेंड असे दोन प्रोग्रॅम केले. नोकरीत तो काही महिनेच टिकला, पण प्रोग्रॅम टिकले आणि त्यांची रॉयल्टी येत राहिली. ती इतकी येऊ लागली की द्यायचं कंपनीच्या जिवावर आलं. शेवटी तिनं सुमारे बारा लाख डॉलर एकरकमी मोजून त्याचे हक्क विकत घेतले आणि हा माणूस डोक्यावरून एकदाचा उतरवला.

त्या पैशाच्या जोरावर, आणि बेन रोझेन या गुंतवणूकदाराच्या साह्यानं, त्यानं १९८२ मध्ये जोनाथन सॅक्स या प्रोग्रॅमरला बरोबर घेऊन स्वतःची कंपनी काढली. नाव ठेवलं लोटस. हे कमळ म्हणजे पद्मासन. ध्यानाच्या दिवसांतून वाया न गेलेली एकमेव गोष्ट, असं आत्या म्हणाली असती. २६ जानेवारी १९८३ ला लोटस १-२-३ बाजारात आलं. एक म्हणजे तक्ता, दोन म्हणजे आलेख, तीन म्हणजे माहितीचा साठा. सॅक्सनं ते थेट आयबीएमच्या यंत्राच्या असेंब्ली भाषेत लिहिलं होतं, त्यामुळे ते सुसाट पळायचं. पहिल्या वर्षी दहा लाख डॉलरची विक्री होईल असा कागदोपत्री अंदाज होता. झाली सुमारे ५ कोटी ३० लाखांची. त्याच्या पुढच्या वर्षी १५ कोटींच्या वर. व्यवस्थापनाच्या वर्गात शेवटचं सत्र पूर्ण केलं असतं तर अंदाज कदाचित इतका चुकला नसता.

इथून पुढे त्यांना अहो-जाहो करायला हवं. रीत आहे तशी. अठ्ठाविसाव्या वर्षी जो ‘तो’ होता तो बत्तिसाव्या वर्षी ‘ते’ झाला, आणि स्वभावात तर काडीचा फरक नव्हता. गंमत हीच आहे. १९७१ ते ८२ या काळात कपोर यांनी जे केलं आणि १९८६ नंतर जे केलं ते तंतोतंत एकच होतं. एखाद्या गोष्टीच्या नादी लागायचं, ती पुरती शिकायची, ती जमू लागली आणि तिची कचेरी झाली की बाहेर पडायचं. पूर्वार्धात लोक त्याला वाया गेला म्हणत, उत्तरार्धात द्रष्टा म्हणू लागले. मधे फक्त ताळेबंद सुधारला होता.

लोटस १-२-३ ची एक फेरी आपल्याकडेही झाली, आणि तिची हकीकत कपोर यांना कुणी सांगितली असती तर त्यांना आवडली असती. ब्रुकलिनच्या पोरानं भारतीय आसनाच्या नावावरून बेतलेलं कमळ नव्वदच्या आगेमागे पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोचलं, ते टायपिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर. ‘डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस’ असा चार धामांचा कोर्स असे. चपला बाहेर काढाव्या लागत, कारण आत एसी होता आणि संगणकाला धूळ चालत नाही असा सर्वांचा ठाम विश्वास. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. सव्वापाच इंची फ्लॉपी कागदी पाकिटातून काढताना बोट खिडकीला लागू नये म्हणून सरांचा डोळा. तिरकी रेघ दाबली की वरती मेनू उघडायचा. मग एफ, मग एस, की फाइल जपून ठेवली. तिरकी रेघ, क्यू, वाय केलं की बाहेर. कितीतरी मुलींनी आणि मुलांनी या आद्याक्षरांच्या मंत्रावर पतपेढीत किंवा सीएच्या कार्यालयात पहिली नोकरी मिळवली. पुढे एमएस-सीआयटीचा जमाना आला तोवर लोटसची जागा एक्सेलनं घेतली होती, पण जाताना ती जुनी बाई आपल्या खुणा सोडून गेली. आजही एक्सेलमध्ये तिरकी रेघ दाबली की मेनूची दारं उघडतात. त्याहून मजेची खूण म्हणजे एका रकान्यात ६० हा आकडा लिहून त्याला तारखेचा पोशाख चढवावा. उत्तर येतं २९ फेब्रुवारी १९००. अशी तारीख कधी उगवलीच नव्हती, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. लोटसनं ते लीप धरलं होतं. लोटसच्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलनं चुकीसकट सगळं उचललं, आणि तो नसलेला दिवस जगभरच्या हिशेबांत अजून मुक्कामाला आहे. काही माणसं मागे पुतळे ठेवतात.

असो. कंपनी तर वाढली. कपोर यांची सगळ्यांत लाडकी कल्पना अशी होती की हे अमेरिकेतलं सर्वांत पुरोगामी कार्यालय व्हावं. फ्रीडा क्लाइनना १९८४ मध्ये आणलं ते याच कामाला. एड्स हा शब्द उच्चारताना भल्या भल्या कंपन्या दाराला कडी लावत, त्या काळात लोटसनं एड्सविरोधी पदयात्रेला उघड पाठबळ दिलं. पण माणूस कितीही पुरोगामी असला तरी हजार माणसांची कंपनी म्हणजे बैठका. व्हिझिकॅल्क करणारी मूळ कंपनीही १९८५ मध्ये लोटसनं विकत घेतली. ज्या तक्त्याच्या पंगतीला बसून हे वाढले, त्याचंच घर यांच्या नावावर झालं. विजयाच्या अशा टप्प्यावर लोक स्वतःच्या केबिनला सागवानी दार बसवून घेतात. कपोर १९८६ मध्ये कंपनी सोडून गेले. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीतून आलेले जिम मँझी गादीवर बसले. १९९५ मध्ये आयबीएमनं साडेतीन अब्ज डॉलर मोजून लोटस घेतली, तेव्हा संस्थापक तिथं असून नसल्यासारखे नव्हे, खरोखरच नव्हते.

आणि मग आला तो अध्याय, ज्यात एफबीआय आहे, बर्फ आहे, खासगी विमान आहे आणि गुरांचे गोठे आहेत. एखाद्या कादंबरीकारानं हा मजकूर दिला असता तर संपादकानं तो कमी भडक करून मागितला असता.

१९८९ मध्ये न्यूप्रोमिथियस लीग असं नाव लावून कुणीतरी ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉशचा गुप्त कोड चोरला आणि तो फ्लॉप्यांवर भरून निवडक लोकांना टपालानं पाठवला. एफबीआयनं हॅकर म्हणवणाऱ्यांच्या एका परिषदेच्या हजेरीपटावरून चौकशी सुरू केली. या पटावर जॉन पेरी बार्लो यांचं नाव होतं. बार्लो म्हणजे वायोमिंगमधले पशुपालक, ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचे गीतकार आणि काही काळ रिपब्लिकन पक्षाचे आपल्या भागातले अध्यक्ष. दीड इंचाच्या जागेत हेही मावणारे नव्हेत. १९९० च्या मे महिन्यात त्यांच्याकडे जो अधिकारी आला, त्याची आणि बार्लोंची जुनी ओळख होती ती जनावरांच्या चोऱ्यांच्या तपासातली. त्या कामात तो वाकबगार. पण इथं त्याला चोरीला काय गेलंय हेच उमगत नव्हतं. टोळीचं नाव तो ‘न्यू प्रॉस्थेसिस लीग’ असं घेत होता, म्हणजे नव्या कृत्रिम अवयवांची संघटना. बार्लोंचा पुष्कळ वेळ आपल्यावर संशय नेमका कशाचा आहे, हे संशय घेणाऱ्याला समजावून देण्यात गेला. संशयितानंच तपास अधिकाऱ्याची शिकवणी घ्यायची अशी वेळ फार थोड्या देशांवर आली असेल.

बार्लोंनी हा प्रसंग लिहून जाहीर केला. कपोर यांनी तो वाचला. त्यांनाही तशीच फ्लॉपी आलेली होती आणि त्यांच्याकडेही एफबीआय येऊन गेलं होतं. म्हणजे दुखणं एकच. काही दिवसांनी कपोर स्वतःच्या विमानातून निघाले असताना त्यांनी आकाशातूनच बार्लोंना फोन केला: वाटेतच आहे, खाली उतरू का? बाहेर वसंतातलं अवेळी बर्फ पडत होतं. विमान पाइनडेल या छोट्या गावी उतरलं आणि दोघं बोलत बसले. आपल्याकडे चळवळी चहाच्या टपरीवर सुरू होतात. ही बार्लोंच्या कार्यालयात झाली, एवढाच फरक.

त्यातून १९९० च्या जुलैमध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था निघाली. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी पैसा पुढे केला, आणि तिसरे संस्थापक म्हणून जॉन गिलमोर आले. गिलमोर हे सन मायक्रोसिस्टिम्सचे पाचवे कर्मचारी. पैशाची ददात नाही, पण स्वभाव असा की २००३ मध्ये ‘संशयित दहशतवादी’ असा बिल्ला छातीला लावून ते ब्रिटिश एअरवेजच्या विमानात बसले आणि काढायला नकार दिला म्हणून त्यांना उतरवण्यात आलं. एक गीतकार, एक माजी ध्यानशिक्षक आणि एक बिल्लेवाला. नागरी स्वातंत्र्याचं भवितव्य या तिघांच्या हाती होतं, आणि त्यांनी ते काम चोख केलं हे विशेष.

पहिलं मोठं प्रकरण तर निव्वळ प्रहसन होतं. १ मार्च १९९० ला अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं टेक्सासमधल्या ऑस्टिन इथं स्टीव्ह जॅक्सन गेम्स या कंपनीवर छापा घातला. कंपनी फासे आणि पुस्तकं घेऊन टेबलाभोवती खेळायचे काल्पनिक खेळ बनवायची. तिचं ‘सायबरपंक’ हे खेळाचं पुस्तक छपाईला जायच्या बेतात होतं. सरकारी मंडळींनी संगणक उचलले, पुस्तकाचा मजकूर उचलला आणि हे संगणकी गुन्ह्यांचं हस्तपुस्तक आहे, असं मालकाला सुनावलं. कुणी सापशिडीच्या पटावरून वनखात्याला बोलावलं असतं, तर ते निदान साप शोधून परत गेले असते. इथं कंपनीची निम्मी माणसं कमी करावी लागली. नव्या संस्थेनं खटल्याला बळ दिलं, आणि १९९३ मध्ये न्यायालयानं सरकारला दोषी धरून पन्नास हजार डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. संगणकावरचं पत्र हेही पत्रच असतं, ते सरकारला वाटेल तेव्हा उचलून नेता येत नाही, हे कायद्याच्या पुस्तकात नीट बसवायला अशी प्रकरणं उपयोगी पडली. आज त्याचं कुणाला अप्रूप वाटत नाही.

१९९० मध्येच केंब्रिजमध्ये, लोटसच्या मुख्यालयासमोर, दुसराच मोर्चा आला. कपोर बाहेर पडल्यावर लोटसनं इतर कंपन्यांवर ‘आमच्या मेनूसारखा मेनू केला’ म्हणून दावे ठोकले होते. मोर्च्याचे पुढारी रिचर्ड स्टॉलमन. मोर्चेकरी सगळे प्रोग्रॅमर. त्यांच्या घोषणेत एक-दोन-तीन-चार अशी मोजणी होती, पण ती नवावर थांबली नाही, पुढे ए, बी, सी, डी, ई, एफ अशी गेली, कारण प्रोग्रॅमर मंडळी संगणकाचे आकडे सोळाच्या पायावर मोजतात. रस्त्यावरच्या पोलिसांना ही घोषणा किती कळली असेल कोण जाणे. बोरलँड कंपनीवरचा दावा १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार असा अडकला, आणि बरोबरी झाल्यामुळे खालच्या कोर्टातला लोटसचा पराभव कायम राहिला. सगळा वाद तिरक्या रेघेनं उघडणाऱ्या त्या मेनूचा होता. कपोर मात्र तोवर समोरच्या बाजूच्या मंडळींत रमले होते. कंपनी आपली, मोर्चाही आपल्या माणसांचा.

मधल्या वर्षांत एमआयटीत शिकवणं झालं, ॲक्सेल या गुंतवणूक कंपनीत भागीदारी झाली, युयुनेटसारख्या इंटरनेटच्या आरंभीच्या कंपनीत पैसे घालणं झालं. यात सांगण्यासारखं फार नाही. यशस्वी माणसं हे करतातच. २००३ मध्ये एओएल कंपनीनं नेटस्केपच्या ब्राउझरचं ओझं खाली टाकलं आणि मोझिला फाउंडेशन स्थापन झालं, तेव्हा एओएलनं वीस लाख डॉलर दिले आणि कपोर यांनी तीन लाख. पहिले अध्यक्षही तेच. पुढच्या वर्षी फायरफॉक्स आला. हे काम त्यांनी फारसा गाजावाजा न करता केलं, आणि परिणामाच्या दृष्टीनं पाहिलं तर लोटसच्या खालोखाल हेच असावं.

गाजावाजा झाला तो चँडलरचा, आणि इथं द्रष्टेपणाचीही लाज निघाली. कल्पना साधीसुधी होती. लहान कार्यालयात चार माणसांची कॅलेंडरं, पत्रं, कामांच्या याद्या एकत्र ठेवायच्या तर मायक्रोसॉफ्टचा अवजड सर्व्हर का बसवावा लागावा? २००१ मध्ये कपोर यांनी त्यासाठी एक ना-नफा संस्था काढली, आपल्या खिशातले लाखो डॉलर घातले, उत्तम प्रोग्रॅमर गोळा केले. स्कॉट रोझेनबर्ग हे पत्रकार तिथं जाऊन बसले, की एक महान सॉफ्टवेअर जन्मताना पाहू आणि पुस्तक लिहू. ते वर्षामागून वर्ष बैठकांना बसले. दर सोमवारी भरणारी बैठक एका सोमवारी रद्द झाली, तर ती मालिकेतली राहते की सुटी होते? तिची वेळ एकानं बदलली तर दुसऱ्याच्या कॅलेंडरात काय व्हावं? अशा प्रश्नांवर कर्ती माणसं महिनेच्या महिने झगडली. शेवटी रोझेनबर्ग यांचं ‘ड्रीमिंग इन कोड’ हे पुस्तक २००७ मध्ये बाहेर पडलं. चँडलरची १.० आवृत्ती बाहेर पडली ऑगस्ट २००८ मध्ये. बारसं आटोपलं, मूल मागाहून आलं. कपोर तोवर त्या प्रकल्पातूनही निघून गेले होते. वेळेचं नियोजन करणारं सॉफ्टवेअर वेळेत झालं नाही, यावर त्या काळी अमेरिकेत एवढे विनोद झाले की इथं नवा करण्यात हशील नाही. पण एवढं नोंदवायला हवं की हेच गृहस्थ १९७८ च्या अवस्थेत असते, तर या एका फजितीनं संपले असते. आता ती ‘शिकण्याजोगी गोष्ट’ ठरली आणि विद्यार्थ्यांना नेमून दिली जाऊ लागली.

सोडत गेलेल्या या माणसानं एक गोष्ट सोडली नाही. चाळीस अर्जांचा खोडसाळपणा करणाऱ्या फ्रीडा क्लाइन पुढे त्यांच्या पत्नी झाल्या, आणि दोघांचा तो जुना हट्ट, की नोकरी कुणाला मिळते आणि कुणाला दारातच अडवतात हे पाहायचं, आजतागायत चालू आहे. ऑकलंड इथं त्यांची संस्था आहे. गरीब आणि कृष्णवर्णीय, लॅटिनो घरांतल्या मुलांसाठी गणित-विज्ञानाची उन्हाळी शाळा त्यांनी सुरू केली, आणि समाजातली दरी कमी करणाऱ्या धंद्यांतच पैसे घालायचे असा त्यांच्या गुंतवणुकीचा नियम आहे. नियम पाळणं नेहमीच सोपं गेलं असं नाही. उबर कंपनीत सुरुवातीला पैसे घालणाऱ्यांत तेही होते. २०१७ मध्ये तिथल्या एका माजी इंजिनिअर बाईंनी आपल्याशी झालेल्या गैरवर्तनाबद्दल लिहिलं, तेव्हा कपोर पती-पत्नींनी उबरच्या संचालकांना आणि गुंतवणूकदारांना जाहीर पत्र लिहिलं, की आम्ही इतकी वर्षं आतून समजावून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. गुंतवणूकदारांच्या बिरादरीत ही गोष्ट लग्नाच्या पंगतीत उठून वऱ्हाडाचा हिशेब मागण्याइतकी अशिष्ट मानली जाते. स्वतःचे समभाग त्याच कंपनीत असताना हे करणं धाडसाचं होतं. ते आणखी आधी करता आलं असतं, असंही म्हणता येईल, आणि काहींनी म्हटलंही.

२०२५ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, कपोर यांनी एमआयटीच्या स्लोन विद्यालयातलं पंचेचाळीस वर्षं राहिलेलं काम पूर्ण करून मास्टर्सची पदवी घेतली. पदवी व्यवस्थापनाची आहे. लोटसचं, फ्रंटियर फाउंडेशनचं, मोझिलाचं आणि चँडलरचं व्यवस्थापन तोवर करून झालं होतं.